रेतीवर पकडलेली बातमी

काशीत रेडिओ दुरुस्त करणारे शे-दोनशे तरी असतील. पण बिघडलेल्या रेडिओकडे नुसतं बघून त्याचं दुखणं सांगणारा एकच, आणि तो म्हणजे मी! असं मीच म्हणतो हे खरं, पण आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं. निदान त्या जानेवारीपर्यंत तरी नव्हतं.

साल चौऱ्याण्णव. मी, विष्णू, एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट. म्हणजे विजेवर व्याख्यान प्राध्यापकांनी द्यायचं आणि शॉक मी खायचा. लग्न झालेलं नाही. बालाजी घाटाजवळच्या गल्लीत दादा-वहिनींकडे राहतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विश्वेश. आमच्या घराण्यात सात पिढ्या कुणी गंगा ओलांडून नोकरीला गेलं नाही, आणि हा पठ्ठ्या थेट जहाजावर चढला! 'रत्नमालिनी' नावाच्या मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरी पद्मावहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची लेक अवनी.

दर बंदरातून दादाचं पत्र यायचं. ते आलं की अवनी शाळेच्या ॲटलसात पेन्सिलीची रेघ पुढं न्यायची. कोलंबो, एडन, मोंबासा. डिसेंबरात रेघ मोंबासाला थांबली ती थांबलीच. सहा आठवडे पत्र नाही. वहिनी काही बोलायच्या नाहीत. फक्त पोस्टमनच्या वेळेला, बरोब्बर साडेअकराला, त्यांना उंबरठा धुवायची आठवण व्हायची. रोज! एवढा स्वच्छ उंबरठा साऱ्या काशीत दुसरा नसेल.

पहिल्या दोन आठवड्यांतच मला ते बघवेना. म्हणून मी माझ्या परीनं एक उपाय काढला. अवनीला रेडिओ शिकवायचा! मी स्वतः जोडलेला शॉर्टवेव्हचा सेट होता घरात. दिसायला मिठाईच्या खोक्यासारखा, कारण तो मिठाईच्या खोक्यातच बसवला होता. पण कान असे की ताश्कंदला कुणी खोकलं तर आमच्या माडीवर ऐकू यावं! शेजारच्या इंदूमावशींची दोन मुलंही येऊन बसायला लागली. सुश्रुत तेरा वर्षांचा, सगळ्यावर शंका घेणारा. रुची आठ वर्षांची, पोटात काहीही न राहणारी. तिघं मिळून स्टेशनं पकडायची, वहीत उतरवायची आणि त्या-त्या देशाला पत्र टाकायची, 'तुमचा आवाज आम्हाला काशीत ऐकू आला.' आणि नवल म्हणजे उत्तरं यायची! बर्फाच्या डोंगराची कार्डं, पुलांची कार्डं, एकावर तर शहामृग. दादाचं पत्र यायचं नाही, पण दक्षिण गोलार्धातला शहामृग यायचा.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण एके दिवशी कौतुकाच्या भरात मी बोलून गेलो, "नुसती स्टेशनं काय घेऊन बसलात! मी जहाजांचं बोलणंसुद्धा पकडून दाखवीन!"

अवनीनं वहीतून मान वर केली. "बाबांचं जहाज?"

"पकडू की!"

त्या 'की'नं माझा घात केला.

आता गल्लीत बसून जहाज पकडायचं म्हणजे मोठी एरियल हवी. मी गच्चीवर साठ फूट तांब्याची तार ताणली. तिसऱ्या दिवशी माकडांनी ती उतरवली. नुसती तोडली असती तर समजू शकलो असतो, पण एक दांडगा हुप्प्या ती गळ्यात घालून समोरच्या देवळाच्या कळसावर जाऊन बसला, नवरदेवासारखा! दुसरी तार लावली, तीही गेली. शिवाय गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी आणि पिठाची गिरणी यांच्या घरघरीत जगातला निम्मा आवाज बुडून जायचा.

"काका, उस पार चलते हैं ना," सुश्रुत म्हणाला. "तिथं रेतीवर ना माकड, ना मोटर."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ही कल्पना आपल्यालाच सुचली असं ठरवून टाकलं.

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी दोनला आम्ही निघालो. दोन बांबू, तारेचं भेंडोळं, रेडिओचं खोकं, तिळाच्या लाडवांचा डबा आणि तीन मुलं. लल्लन मल्लाहनं सगळं होडीत भरताना विचारलं, "का गुरु, उहाँ तंबू गाड़े जात हउवा का?"

"नाही रे, जग ऐकायला चाललोय!" मी म्हणालो.

लल्लननं एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलांकडे पाहिलं. मुलांची कीव आली असावी त्याला.

हिवाळ्यात पलीकडे रामनगरच्या बाजूला नुसती रेती असते, मैलच्या मैल. मुलं तिथं उतरली मात्र, दावणीतून सुटलेल्या वासरांसारखी उधळली! रुचीनं पाणपक्ष्यांची पावलं शोधून काढली. सुश्रुतनं होकायंत्र घेऊन उत्तर ठरवली आणि ती बरोबर आहे का याची स्वतःच शंका घेतली. बांबू रोवून आम्ही तार ताणली, मी सेट लावला, आणि सांगतो तुम्हाला, असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता! कोलंबो शेजारच्या खोलीत असल्यासारखं. बीजिंग, नैरोबी, कुठल्या तरी अरबी देशातली बाई. एका स्टेशनवर मुलांचं समूहगान चाललं होतं, भाषा कुणालाच कळेना, पण रुची त्याच्या ठेक्यावर वाळूत नाचली. अवनीचं पेन थांबत नव्हतं. तिनं ॲटलस मांडीवर उघडं ठेवलं होतं, आणि प्रत्येक आवाज आला की बोट त्या गावावर.

मग तिनं विचारलंच. "काका, आता बाबा."

इथं एक गोष्ट कबूल करतो. मला मोर्सची लिपी येत नाही. एक अक्षरही नाही. आणि माझ्या खोक्यात जहाज सापडेल असं मला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. वाटलं, थोडं बटण फिरवावं, 'आज हवा खराब आहे' म्हणावं आणि लाडू खावेत.

पण बटण फिरवता फिरवता खरंच आवाज आला. टिट्-टिट्-टिट्-टाऽ. टिट्-टिट्-टिट्-टाऽ. स्वच्छ, एका लयीत.

"हे काय?" अवनी कुजबुजली.

"मोर्स. जहाजाची भाषा."

"बाबांचं जहाज?"

तुम्ही तिचा चेहरा पाहिला नाहीत, म्हणून तुम्ही मला नावं ठेवू शकता. मी पाहिला होता. मी म्हणालो, "हो."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत... अवनी अभ्यास करते का?"

"आणि?"

"आणि थंडीत स्वेटर घालते का."

अवनीनं स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग वहीत एक-एक टिंब आणि एक-एक रेघ काढत राहिली, आवाज विरून जाईपर्यंत. सुश्रुत माझ्याकडे रोखून बघत होता. मी त्याला लाडू दिला.

साडेपाचच्या सुमाराला धुकं उतरायला लागलं. मी सामान आवरायला घेतलं. "बस, शेवटचं एक," म्हणत सुश्रुतनं बटण फिरवलं. एका परदेशी स्टेशनाचं हिंदी बातमीपत्र लागलं. पुरुषाचा शांत आवाज.

"...मादागास्कर के निकट समुद्री तूफ़ान में भारतीय मालवाहक जहाज़ रत्नमालिनी डूब गया है। जहाज़ पर अट्ठाईस लोग सवार थे। चार को बचा लिया गया है। शेष की तलाश जारी है..."

इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात कधी पकडला नव्हता. एक खरखर नाही! नावातलं एक अक्षर बुडालं असतं तर त्याला धरून राहिलो असतो. पण माझी एरियल फारच उत्तम होती.

सुश्रुतचा हात बटणावरच राहिला. मी अवनीकडे बघायचं टाळलं. तीच म्हणाली, "चुकीचं सांगतायत."

"अवनी..."

"तासाभरापूर्वी तर बाबा बोलले, काका. तुम्हीच ऐकलंत. दुसरं जहाज असेल. यांना नाव नीट कळलं नसेल." आणि तिनं वही दप्तरात घालून चेन ओढली.

 घरी कसं सांगायचं, कुणाला आधी सांगायचं, काही सुचेना. शेवटी तिघांना जवळ घेऊन म्हणालो, "खात्री झाल्याशिवाय हे कुणालाही सांगायचं नाही. शपथ?"

सुश्रुतनं शपथ घेतली. अवनी म्हणाली, "सांगायचं काय? काही झालंच नाही." रुचीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून मान डोलावली.

रुचीचे हात नदीच्या मध्यापर्यंत टिकले. मग तिनं लल्लनला हळूच विचारलं, "चाचा, जहाज डूबता है तो आदमी कहाँ जाता है?"

"के डूबल?" लल्लन दचकला.

"अवनी के पापा."

लल्लननं वल्हं सोडलं आणि डोकं धरलं. "अरे राम राम! बिसेसर भइया!" विश्वेशचा त्यानं बिसेसर केला होता. तेवढ्यात धुक्यातून एक रिकामी होडी शेजारून निघाली होती. मी गप्प बस म्हणेपर्यंत हा तिच्यावरच्या मल्लाहाला ओरडून मोकळा झाला, "अरे, बालाजी घाट वाले मराठी गुरु के भाई डूब गइलन होऽ!"

धुक्यातून प्रश्न आला, "के डूबल?"

"मराठी गुरु केऽ..."

बाकीचं धुक्यानं गिळलं. ती होडी हलकी होती, आमची जड. ती पुढं गेली, आणि आम्ही वाट चुकत, थांबत, कधी घंटेच्या आवाजावर, कधी लल्लनच्या अंदाजावर पाऊण तास पाण्यातच.

*

घाटाजवळ आलो तर दिवेच दिवे! पेट्रोमॅक्स, कंदील, टॉर्च. मला वाटलं, कसला तरी उत्सव असेल. मग दिसलं, चार होड्या पाण्यात गळ आणि जाळी टाकून काहीतरी शोधत होत्या. पायऱ्यांवर इंदूमावशी छाती पिटत बसल्या होत्या. "माझी दोन्ही लेकरं नेली हो त्यानं! मिठाईच्या खोक्यापायी नेली!"

अर्धं वाक्य धुक्यानं गिळलं होतं, त्यातून घाटावर पोचलं ते एवढंच, की 'मराठी गुरु डूब गइलन.' मराठी गुरु म्हणजे मी. आणि माझ्याबरोबर कोण होतं, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मावशी, आम्ही आलो!" मी ओरडलो.

एक क्षण सगळे माझ्याकडे भूत पाहिल्यासारखे बघत राहिले. मग असा कल्लोळ उसळला की काय सांगू! सुश्रुत-रुचीला कुणी कुणी उचललं. इंदूमावशींनी आधी दोघांना पोटाशी धरलं आणि मग मला एक ठेवून दिली. मला ती अगदी आशीर्वादासारखी वाटली. कुणीतरी 'हर हर महादेव' म्हटलं. दोन मिनिटं घाटावर इतका आनंद होता की मीही हसत होतो. खरंच हसत होतो!

मग गळ गुंडाळता गुंडाळता एका मल्लाहानं विचारलं, "त डूबल के?"

रुचीनं पुन्हा दोन्ही हात तोंडावर नेले. आणि तेव्हा मला दिसलं, की पद्मावहिनी वरच्या पायरीवर उभ्या आहेत. त्या खाली धावल्या नव्हत्या. अवनी होडीतून उतरताना दिसली होती त्यांना, आणि त्यानंतर त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलली नव्हती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "काय झालंय?"

जे सांगायचं ते मी अडतीस माणसांसमोर सांगितलं. मोजली नव्हती, पण नंतर प्रत्येकानं 'मी तिथं होतो' म्हटलं, त्यावरून.

*

घरी पोचेपर्यंत आमची बैठक भरून गेली होती. कुणी बोलत नव्हतं, आणि सगळे बोलत होते. गोपीनाथशास्त्री आणि त्यांचे धाकटे बंधू शेजारी शेजारी बसले होते. शोक करायलाच आले होते बिचारे, पण दोघंही शास्त्री! पाच मिनिटांत मुद्दा निघाला, की समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर संस्कार कसे.

"पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. तीनशेसाठ पानं," थोरले हळूच म्हणाले.

"पण आधी वाट किती पाहायची ते ठरवा," धाकटे म्हणाले.

"वाट बेपत्ताची. हा बेपत्ता कुठे? हा बुडालेला."

"पाहिलं कुणी? रेडिओनं सांगितलं! रेडिओची साक्ष कुठल्या ग्रंथात धरलीय, दाखवा!"

"जानेवारीत पळस तरी कुठे मिळणार?" कोपऱ्यातून कुणीतरी काळजीनं विचारलं.

आत स्वयंपाकघरात वहिनी जमिनीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. इंदूमावशी त्यांचा हात धरून होत्या, पण बांगड्यांना धक्का लागू नये असा, मनगटाच्या वर. मला एकदम शरम वाटली. कशाची, ते सांगता येणार नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध अवनी येऊन उभी राहिली. हात-पाय धुतलेले, वेणी नीट. "तुम्ही सगळे उगीच आलात," ती म्हणाली. "बाबा ठीक आहेत. साडेचारला त्यांचा सिग्नल आला. काकांनी ऐकलाय. माझ्याकडे लिहिलेला आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दारात वहिनी उठून आल्या होत्या. "भाऊजी? ऐकलात तुम्ही?"

आयुष्यात कधी मला रेडिओ व्हावंसं वाटलं असेल तर तेव्हा. निदान बंद तरी करता आलं असतं. मी म्हणालो, "ऐकला."

"आण बघू ती वही," मागून आवाज आला.

हे वेणीमाधवराव. रेल्वेत पस्तीस वर्षं तारबाबू होते, कानाला मफलर गुंडाळून नुकतेच येऊन टेकले होते. साऱ्या गल्लीत मोर्स येणारा एकच माणूस, आणि तो नेमका आज चष्मा आणायला विसरला नव्हता. अवनीनं धावत जाऊन वही दिली. तारबाबूंनी पान दिव्याजवळ धरलं. बराच वेळ बघितलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग अवनीकडे.

"पोरीनं छान उतरवलंय," ते म्हणाले. "जहाजाच्याच लाइनीवरचं आहे."

बैठकीत सुस्कारा सुटला. अवनीनं वही परत घेतली आणि 'बघा!' अशा नजरेनं शास्त्रीबंधूंकडे पाहिलं.

तारबाबू मला दंडाला धरून बाहेर गल्लीत घेऊन गेले. "तीन टिंबं, एक रेघ. म्हणजे काय ठाऊक आहे?"

"नाही."

"व्ही. नुसतं व्ही, व्ही, व्ही. एखाद्या किनाऱ्यावरचं ठाणं आपलं मशीन तपासतंय. त्यात ना जहाज, ना विश्वेश, ना स्वेटर! सुश्रुत सांगत होता मला तुझा स्वेटर. गाढवा, त्या पोरीला तू काय धरायला दिलंस, कळतंय का तुला?"

"मग तुम्ही तरी खरं का नाही सांगितलंत?"

तारबाबूंनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "चष्मा लावला होता ना मी," ते म्हणाले. "मलाही तिचं तोंड दिसलं."

लोक पांगल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. चूल पेटलेली नव्हती. "एकच विचारते. ते तुम्ही अवनीसाठी म्हणालात, की खरंच?"

"अवनीसाठी," मी म्हणालो.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "आजची रात्र तिला झोपू दे."

आणि ती झोपली. घरात तेवढी एकच.

*

सोमवारी सकाळी दहाला मी आणि तारबाबू चौकातल्या एसटीडी बूथवर. मुंबईला कंपनीचा नंबर फिरवून फिरवून माझं बोट दुखायला लागलं. पावणेअकराला लागला. तिकडे एक कारकून, सकाळपासून बहुधा दोनशे वेळा तेच बोलून आवाज बसलेला.

"नाव?"

सांगितलं.

"हुद्दा?"

सांगितला. कागद चाळल्याचा आवाज. "वाचलेल्यांत नाही."

मी काचेला टेकलो. तारबाबूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दुसरी यादी बघतो," कारकून म्हणाला. पुन्हा कागद. मग, "त्यातही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा माणूस वाचलेल्यांत नाही आणि बुडालेल्यांतही नाही."

"अहो, मग आहे कुठे?" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचा पानवाला आत डोकावला.

"ओरडू नका. थांबा." तो थांबला, मी थांबलो, मला वाटतं साऱ्या चौकातली रहदारीही थांबली. "हं. सहा डिसेंबरला मोंबासाला उतरवलाय. इंजिनरूममध्ये शिडीवरून पडला. उजवा हात दोन जागी मोडला. तिथंच इस्पितळात आहे. घरी पत्र गेलंय, असं लिहिलंय इथं."

मी हसलो की रडलो, आठवत नाही. तारबाबू म्हणतात, दोन्ही. फोन ठेवता ठेवता मी मूर्खासारखं विचारलं, "मग त्याच्या जागी बोटीवर इलेक्ट्रिशियन कोण होता?"

"मोंबासालाच घेतला होता दुसरा. रत्नागिरीकडचा मुलगा."

"तो?"

"तो दुसऱ्या यादीत आहे," कारकून म्हणाला. "तुमच्यानंतर त्याच्या घरच्यांचा फोन यायचा आहे. ठेवा आता."

*

गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली. कशी, ते विचारू नका, पानवाला आत डोकावला होता. मी आलो तेव्हा गोपीनाथशास्त्री आपल्या बंधूंना सांगत होते, "मी म्हणत होतो ना, वाट पाहायला हवी!" आणि इंदूमावशींनी पेढ्यांची टोपली मागवली होती. वहिनींनी ती दारातच अडवली.

"आज नको," त्या म्हणाल्या. "चोवीस घरं आहेत. आज पेढे नकोत."

इंदूमावशींनी टोपली पदराखाली घेतली आणि परत नेली. मग वहिनी आत गेल्या, दार लावलं, आणि तासभर त्यांनी ते उघडलं नाही. कुणी उघडायला सांगितलंही नाही.

अवनी शाळेतून चारला आली. तिला सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली, जसं काही तिला नवीन नव्हतंच. दूध प्यायली. मग गच्चीवर आली. मी तिथं तिसरी तार लावायच्या नावाखाली बसलो होतो.

"काका, एक समजत नाही."

"काय?"

"बाबा सहा डिसेंबरपासून इस्पितळात होते. मग काल जहाजावरून बोलत कोण होतं?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. मोर्स येत नाही हे, स्वेटर मी पदरचा घातला हे, तारबाबूंचं व्ही, व्ही, व्ही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे काल बाबा गेले की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं?"

"नाही."

"आईलाही नाही?"

"नाही."

"आणि मी शास्त्रीबुवांना सांगत होते, उगीच आलात म्हणून." ती तारेच्या भेंडोळ्याशी खाली बसली. "आई रडत होती आणि मी झोपले. सगळे रडले. मलाच कुणी रडू दिलं नाही!"

आणि ती रडायला लागली. अशी रडली की खालून इंदूमावशी, सुश्रुत, रुची सगळे धावत वर आले. "अगं, बाबा वाचले ना! आता काय रडतेस?" कुणालाच कळेना. कालचं रडणं पोर आज रडत होती, चोवीस तास उशिरा. वहिनी आल्या, त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, सांगितलंत?" मी मान डोलावली. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता खाली जा."

मी खाली गेलो.

दादाचं ते पत्र गुरुवारी सापडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यानं एका गुजराती नर्सकडून लिहवून घेतलं होतं. तिनं मजकूर लिहिला गुजरातीत आणि पत्त्यातली गल्लीही गुजरातीतच. आमच्या पोस्टमननं विचार केला, गुजराती अक्षर, गुजराती माणसाचं असणार! आणि डिसेंबरातच ते चौखंब्याच्या एका गुजराती पेढीवर टाकून दिलं. पेढीच्या भल्या मालकानं तीन आठवडे 'हा विश्वेश आपला कोण?' म्हणून साऱ्या नात्यात चौकशी केली होती.

मार्चमध्ये दादा आला. हात वाकडा जुळलाय. पहिल्या आठवड्यात त्यानं एक पत्र स्वतः डाव्या हातानं लिहिलं, रत्नागिरीच्या पत्त्यावर. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा टाकलं. उत्तर आलं नाही. पुन्हा समुद्रावर गेला नाही तो. घाटावर बसतो संध्याकाळचा, पण पाठ पाण्याकडे करून.

त्या सोमवारपासून अवनी माझ्याशी सतरा दिवस बोलली नाही. अठराव्या दिवशी येऊन म्हणाली, "तारबाबूंनी मोर्स शिकवायचं कबूल केलंय. मी, सुश्रुत आणि रुची. तुम्हालाही यावं लागेल."

"मला कशाला?"

"आई म्हणाली."

तर मी गेलो. चौतिसाव्या वर्षी, पाटीवर, आठ वर्षांच्या मुलीशेजारी बसून, टिट् म्हणजे टिंब आणि टाऽ म्हणजे रेघ. दोन महिन्यांनी परीक्षा झाली. अवनीला सव्वीसपैकी सव्वीस. सुश्रुतला चोवीस, आणि तारबाबूंच्या दोन प्रश्नांवर त्याची शंका. रुचीला एकोणीस. मला नऊ.

तारबाबूंनी माझी पाटी चष्म्याजवळ नेली, दूर नेली, आणि म्हणाले, "विष्णू, तू आपला खरंच बोलत जा. खोटं बोलण्याइतका तुझा अभ्यास नाही!"